ब्लास्टिंग की भूकंप?

मी चंद्रपूरचा. खाणीतल्या ब्लास्टिंगनं खिडक्या हलणं आम्हाला नवीन नाही. म्हणून ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी घर हललं, तेव्हा मी कूस बदलून झोपलो. पण तो भूकंप होता! केंद्र तेलंगणातलं मुलुगू, तीव्रता ५.३. गडचिरोलीतही जाणवला.

मग फरक कसा ओळखायचा? अणुचाचण्यांच्या काळात हाच प्रश्न जगापुढे होता. १९६५ मध्ये कर्नाटकात गौरीबिदनूरला भूकंपमापकांचं जाळं उभारलं, ते दूरचे अणुस्फोट टिपायलाच. स्फोट चहूबाजूंना ढकलतो. म्हणून आधी येणाऱ्या पी-लहरी ठळक, मागच्या एस-लहरी क्षीण. भूकंपात खडक एकमेकांना घासत सरकतात, तेव्हा एस-लहरी जोरदार.

यंत्राला हे कळतं, अंथरुणातल्या माणसाला नाही. म्हणून आता घर हललं की आधी टेबलाखाली, मग मोबाईल.