तुपाच्या डब्यातला निवडुंग

लेहजवळ पोस्टिंगला असताना आमच्या बराकीच्या दाराशी तुपाचा एक रिकामा पंधरा किलोचा डबा होता. लंगरमधून मागून आणलेला. त्यात खडी, वाळू आणि थोडी माती, आणि मातीत एक चपटा, तळहाताएवढा निवडुंग. बर्फाच्या मुलखात निवडुंग बघून नवीन आलेला प्रत्येक जवान हसायचा. मीही सुरुवातीला त्यावर फारसा विश्वास ठेवला नव्हता.

उत्तर बंगालमध्ये असताना एका सुट्टीच्या दिवशी कालिंपोंगला गेलो होतो. तिथल्या निवडुंगाच्या नर्सऱ्या प्रसिद्ध आहेत. एका माळ्याने दोन पानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि सांगितलं, "साहब, ये बर्फ में भी जिएगा." चिठ्ठीवर नाव होतं ओपन्शिया ह्युमिफ्युसा. आपल्या शेताच्या बांधावरच्या फड्या निवडुंगाचाच हा बुटका भाऊ. मूळचा पूर्व अमेरिकेचा, थेट कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताच्या दक्षिण टोकापर्यंत वाढणारा. त्याचा दुसरा भाऊबंद, ओपन्शिया फ्रॅजिलिस, त्याहूनही उत्तरेला पोचलाय.

दोनपैकी पहिलं पान मीच मारलं. घरी आई तुळशीला घालते तसं रोज तांब्याभर पाणी घालत राहिलो, ऑक्टोबरपर्यंत. पहिल्या कडक रात्रीनंतर ते काचेसारखं दिसायला लागलं आणि दुपारच्या उन्हात गळून गेलं. दुसऱ्याकडे कामाच्या गडबडीत दुर्लक्ष झालं, म्हणून ते वाचलं.

याचं कारण पुढे वाचनात सापडलं. थंडी जवळ आली की हा निवडुंग स्वतःच पाणी कमी करतो. पानं सुरकुततात, लालसर जांभळी होतात आणि जमिनीवर आडवी पडतात. आतला रस साखरेने आणि चिकाने दाट होतो. बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेरच्या जागेत होतो, पेशी फुटत नाहीत. त्यामुळे त्याला थंडी मारत नाही, ओल मारते. युरोप-अमेरिकेतल्या थंड गावांत लोक हा बागेत लावतात तेव्हा उताराची जागा, दक्षिणेकडचं ऊन आणि निम्मी तरी खडी, एवढं सांभाळतात. हिवाळ्यात पाणी बंद. वर बर्फ साचला तरी चालतो, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही.

आमचे सुभेदार साहेब पौडी गढवालचे. जानेवारीत डब्यात वाकून म्हणाले, "ये तो गया." मलाही तसंच वाटत होतं. मे महिन्यात एका सकाळी बघतो तर पान उभं! जुलैत त्यावर पिवळं फूल आलं, मेणासारखं चकचकीत. साहेबांनी त्या दिवशी सगळ्या प्लाटूनला ते दाखवलं, जणू त्यांनीच लावलं होतं.

या भावकीशी फौजेचा संबंध जुना आहे. अमेरिकेच्या सैन्यातले कॅप्टन मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क 1804 मध्ये पश्चिमेकडची वाट शोधायला निघाले. पुढच्या उन्हाळ्यात मोंटानातल्या ग्रेट फॉल्सपाशी धबधब्यांना वळसा घालून होड्या आणि सामान जमिनीवरून ओढून न्यावं लागलं. जमिनीवर सगळीकडे थंडी सोसणारा निवडुंग. कातडी मोकासिनमधून काटे आरपार जायचे, म्हणून जवानांनी तळव्याला कातड्याचा दुसरा थर शिवला. जुलै 1805 मध्ये क्लार्कने एका रात्री शेकोटीच्या उजेडात पायांतून 17 काटे काढल्याची नोंद आहे. लुईसला मात्र तीच झाडं फुलल्यावर सुंदरही वाटली होती. मोठ्या काट्यांचं एवढं नाही, पण ठिपक्यांतली केसासारखी बारीक कुसं बोटात गेली की दोन दिवस जेवताना आठवण देतात. चिकटपट्टी लावून ओढायची, हा माझा उपाय.

आपल्या देशातली गोष्ट लाल कोटापासून सुरू होते. ब्रिटिश अफसरांचा किरमिजी कोट निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्याच्या रंगाचा असे. साध्या शिपायाचा मंजिष्ठेच्या स्वस्त रंगाचा. (साहेबाचा लाल वेगळा आणि जवानाचा वेगळा, हे काही नवीन नाही.) हा किडा स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोची मक्तेदारी होती. ती मोडायला 1795 मध्ये 52व्या रेजिमेंटच्या कॅप्टन नीलसनने रिओ दी जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले. निवडुंग त्याआधीच भारतात पोचलेला होता. किडा निघाला हलक्या प्रतीचा. रंगाचा धंदा बसला, पण किड्याने निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. पुढे 1860 च्या दशकात हाच किडा मुद्दाम श्रीलंकेत नेऊन सोडला, तिथला निवडुंग मारायला.

दुसरी जात तरीही माजलीच. जुन्या माणसांना विचारा, गावोगावच्या गायरानात फड्या किती होता. त्याच्यासाठी 1926 मध्ये दुसरा किडा श्रीलंकेतूनच आणावा लागला. ऑस्ट्रेलियात तर याहून मोठं संकट. तिथेही रंगासाठीच 1788 च्या पहिल्या आरमाराने रिओहूनच निवडुंग नेला होता. पुढे आलेल्या जातींनी 1920 च्या दशकापर्यंत सुमारे 2.4 कोटी हेक्टर जमीन व्यापली.

हे वाचलं आणि डब्याकडे बघायची माझी नजर बदलली. तोवर त्यात सात पानं झाली होती आणि तीन लाल फळं. पान तुटून पडलं तरी मूळ धरतं, फळ पाखरं नेतात. लडाखसारख्या कोरड्या, थंड मुलखात हा मोकळा सुटला तर? सुटेलच असं नाही. पण नीलसनलाही कुठे ठाऊक होतं?

बदलीचा हुकूम आला तेव्हा सुभेदार साहेबांनी एक पान मागितलं, गावी अंगणात लावायला. मी नाही म्हणालो. माणूस बारा वर्षं मोठा, दोन हिवाळे एकाच भुखारीसमोर बसून काढलेले, आणि मी त्यांना एक पान दिलं नाही. ते काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी चहाला आले नाहीत. फळं आणि सहा पानं मी भुखारीत घातली. ओली असल्याने बराच वेळ चरचरत होती. सातवं पान मेस टिनमध्ये, कागदात गुंडाळून घरी आणलं.

आता ते साताऱ्याला पागोळीच्या आत, पत्र्याच्या डब्यातच आहे. दोन पावसाळे काढले, पण इथे फूल आलेलं नाही. सुभेदार साहेब पेन्शनवर गेले. दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो. रामराम झाला की पहिला प्रश्न ठरलेला, "उठा क्या?"