नारुतो आणि सासुके : दोन पोरक्यांचे वैर

मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात एका जपानी साप्ताहिकात ७०० प्रकरणांत प्रसिद्ध झाली. तिच्यावरील ॲनिमे मालिकेचे दोन पर्वांत मिळून ७२० भाग झाले. त्यांतील भरताड बरेच.

नायक नारुतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी सासुके दोघेही पोरके. पण पोरकेपणाची जात निराळी. नारुतोच्या जन्मदिवशीच नऊ शेपट्यांचा संहारक कोल्हा त्याच्या देहात बंदिस्त झाला आणि आईवडील गेले. गाव त्याला टाळते. ‘होकागे’, म्हणजे ग्रामप्रमुख, होण्याच्या त्याच्या ध्यासात सत्तेची हाव नाही. कोणी आपली दखल घ्यावी, एवढीच भूक आहे. सासुकेला मात्र भरले घर होते. थोरला भाऊ इताची याने एका रात्रीत ते संपवले. त्याला मान नको, सूड हवा.

इताची मरतो तेव्हा हा सूड पुरा व्हायला हवा. परंतु कुळाच्या बंडाचा बेत मोडण्यासाठी गावच्या वरिष्ठांनीच ते हत्याकांड घडवले होते, आणि भावाने आपल्याला मायेपोटीच जिवंत ठेवले होते, हे सासुकेला नंतर कळते. त्याचा रोख गावाकडे वळतो. थोड्याच काळात तेच गाव नारुतोला वीर मानू लागते. हवे ते मिळूनही नारुतो अस्वस्थ राहतो : एका मित्राला परत आणता येत नसेल, तर होकागेपदावर आपला हक्क कोणता? अखेरच्या द्वंद्वात दोघेही एकेक हात गमावतात, आणि शेजारी पडलेला सासुके हार कबूल करतो.