फोनला झोपेतून कोण उठवणार?

आमच्या चाकूरकडं मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग दाटले की पावसाआधी विजेचं भ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. पण तो इशारा यायच्या वेळी फोन जागा असतो का? मला यातला इतिहास गमतीशीर वाटतो.

सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये सगळा मोकळा कारभार. कुठल्याही अ‍ॅपनं गजर लावावा आणि झोपलेल्या फोनला उठवावं. एक मेल बघायला, दुसरं जाहिरात आणायला, तिसरं उगीच. संध्याकाळपर्यंत बॅटरी साफ! म्हणून २०१३ मध्ये, ४.४ आवृत्तीत, गूगलनं जवळजवळचे गजर एकत्र वाजवायला सुरुवात केली. खरा दणका २०१५ चा: अँड्रॉइड ६ मधलं 'डोझ'. चार्जरला न लावलेला, स्क्रीन बंद असलेला, न हलणारा फोन काही वेळानं गाढ झोपतो. इंटरनेट बंद, साधे गजर थांबलेले. खास सवलतीचा गजरसुद्धा एका अ‍ॅपला ९ मिनिटांतून एकदाच.

आता खुरपणीला गेलेल्या माणसाची पिशवी डोळ्यांसमोर आणा. लिंबाच्या फांदीला अडकवलेली, आत फोन. डोझची व्याख्या जशीच्या तशी! आणि आभाळ भरून आल्यावर ९ मिनिटं म्हणजे फार झाली. पुढं २०१७ च्या अँड्रॉइड ८ नं मागं चालणाऱ्या अ‍ॅपला 'आपण कुठे आहोत' हेही तासाला मोजक्याच वेळा कळू दिलं. काही कंपन्यांचे फोन तर त्याहून कडक, अ‍ॅप सरळ मारूनच टाकतात.

तरी गूगल चुकलं असं मी म्हणणार नाही. वीज काही वेळापत्रक बघून पडत नाही, तिथं गजराचा उपयोगच नाही. सर्व्हरनं पाठवलेला तातडीचा संदेश डोझमध्येही फोनला उठवू शकतो. (हीच सवलत सेलच्या जाहिरातीवाल्यांनाही हवी असते, ही आपली जात!) नेमक्या वेळेच्या गजरासाठी २०२१ पासून वेगळी परवानगी आली आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्या अ‍ॅप्सना ती आपोआप मिळेनाशी झाली.

२० जुलै २०२३ ला महाराष्ट्रात अनेकांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. टॉवरच्या टप्प्यातले फोन एकाच वेळी वाजतात. अ‍ॅप नको, इंटरनेट नको, झोपेची भानगड नको. मला हाच रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

तोवर गावाकडं कुणाच्या फोनमध्ये दामिनी असेल, तर पुढच्या सुट्टीत सेटिंगमध्ये बॅटरीखाली जाऊन तिच्यावरचे निर्बंध काढून या. दोन मिनिटांचं काम आहे.