घरातली मुले : शंभर वर्षांचा मागोवा

पास्काच्या काळात घरांना आशीर्वाद देण्यासाठी इंदिरानगरातील इमारतींचे जिने चढताना एक गोष्ट मला दरवर्षी अधिक जाणवते. पूर्वी दार उघडण्याआधीच आतून मुलांचा गलका ऐकू येई. आता पुष्कळ घरांत आजी-आजोबा असतात आणि एखादेच नातवंड, तेही शिकवणीला निघण्याच्या घाईत. या शांततेचा दोष मी बरीच वर्षे तरुण जोडप्यांच्या माथी मारला. आजच्या पिढीला सुखसोयी हव्यात, मुले नकोत, असे मी प्रवचनातून सांगत असे. एका रविवारी मिस्सा संपल्यावर एका वृद्ध मावशींनी मला थांबवले व म्हणाल्या, "फादर, माझ्या आईला नऊ झाली, त्यातली चार राहिली. त्या पाचांना तुम्ही कशात धरता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी इतिहासाकडे वळलो.

१९०१ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ८,१६,५०४ भरली. आधीच्या दशकापेक्षा ती सुमारे तीन टक्क्यांनी घटलेली होती. त्या दहा वर्षांत प्लेग आला आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. दुष्काळात आधी दगावतात ती मुले आणि म्हातारी माणसे. शिवाय उपाशी मातांच्या पोटी पुढच्या वर्षी मुले जन्मतही नाहीत. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९११ साली २ कोटी १४ लाख माणसे होती, ती १९२१ मध्ये २ कोटी ८ लाखांवर आली. ज्या काळाला आपण भरल्या गोकुळाचा काळ म्हणतो, तो प्रत्यक्षात असा होता. पाळणे पुष्कळ हलत, पण रिकामेही तितक्याच लवकर होत. आठ-नऊ बाळंतपणे ही हौस नव्हती. त्यातली निदान काही मुले जगावीत, ही त्यामागची धडपड होती.

१९२१ नंतर हे चित्र पालटू लागले. मृत्यूचे प्रमाण आधी घटले, जन्मांचे मात्र पुष्कळ नंतर. म्हणून मधल्या पन्नास-साठ वर्षांत लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील स्त्रियांनाच नवजात बालकांची शुश्रूषा शिकवून अनेक जीव वाचवले. १९७१ च्या सुमारास महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे शंभर बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० मध्ये ही संख्या १६ वर आली.

मूल जगेल, ही खात्री पटल्यावर आईबापांनी थोडकीच मुले होऊ दिली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे सरासरी २.९ अपत्ये होती. २००५-०६ मध्ये ती २.१ आणि २०१९-२१ मध्ये १.७ झाली. २००१ साली सहा वर्षांपर्यंतची मुले राज्याच्या लोकसंख्येत १४ टक्के होती. २०११ मध्ये ती १२ टक्क्यांच्याही खाली आली. मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय वाढले, शहरातील घरे लहान झाली आणि शाळेचा खर्च मोठा झाला. ही कारणेही खरी आहेत.

सक्तीने मात्र हे घडले नाही. १९७६ साली तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या परिपत्रकात जबाबदार पालकत्वाचा उल्लेख केला, तो पतिपत्नींच्या सद्सद्विवेकाला उद्देशून होता. सरकारी बडग्याला त्यात स्थान नव्हते.

आपण एकटे या वाटेवर नाही. कॅथलिक परंपरेच्या इटलीत १९६४ साली दहा लाखांहून अधिक बालके जन्मली. २०२३ मध्ये ती चार लाखांहूनही कमी होती. तेथील वृद्धांचा एकटेपणा आपल्याही दाराशी येऊन ठेपला आहे.

एक गोष्ट मात्र मृत्यूचे भय कमी झाल्याने घडलेली नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. तरीही ही घसरण झाली. एक-दोनच मुले हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, या हट्टाने या मुली नाहीशा केल्या. ही निसर्गाची करणी नव्हे, माणसाची आहे. बोल लावायचाच तर तो येथे लावला पाहिजे आणि तो लावताना आपले स्वतःचे घर वगळता कामा नये.

पूर्वी मी एका खेड्यातील धर्मग्रामात होतो. तेथील जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही मी पुन्हा आठवून पाहिली. कित्येक नावांपुढे समासात बारीक क्रूस काढलेला होता. बाप्तिस्म्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी कोण्या धर्मगुरूने तो काढला असेल. त्या वेळी मी ती पाने नुसती उलटली होती. मावशींचे पाच भावंडांचे दुःख अशाच कुठल्या तरी समासात असेल. आज माझ्या नोंदवहीत नावे थोडी आहेत, पण समास बहुतेक कोरे आहेत. त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानायला मी उशिरा शिकलो. तरुण जोडप्यांना आता मी एवढेच सांगतो : जे मूल येईल, ते मुलगा असो वा मुलगी, आनंदाने घ्या, आणि ते एकटे असेल तर त्याला शेजारच्या मुलांची सोबत द्या, आजी-आजोबांची सावली द्या. त्या पाचांना कशात धरायचे, हे आता मला कळले आहे. घरातल्या मुलांतच.