छात्रांची उन्हाळी छावणी

श्रोतेहो, बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन नावाचे गाव आहे. शनिमहाराजांचे स्थान म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच ठिकाणी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले होते. मराठ्यांनीही निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला होता. पावसाळा लागला आणि निजामअली औरंगाबादेकडे निघाला. तो स्वतः काही फौजेनिशी गोदावरी उतरून पलीकडे गेला. बाकीची फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली अलीकडच्या तीरावर राहिली. मध्ये भरलेली नदी. मराठ्यांनी नेमका तोच प्रसंग साधला. विठ्ठल सुंदर पडला, फौजेची दाणादाण उडाली, आणि पलीकडच्या तीरावरून निजामाला मदत पाठवता आली नाही.

या लढाईत पुढे होऊन लढणारे माधवराव पेशवे त्या वेळी अवघ्या अठरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला मुलगा! मग प्रश्न असा पडतो की, हा मुलगा युद्धविद्या शिकला कुठे? त्या काळी लष्करी विद्यालय नव्हते, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. त्याची शाळा म्हणजे छावणी. घोडा, तंबू, दाणागोटा, नदीचा उतार, वाटेचा चढ, हीच त्याची पुस्तके. आज मी आपणाला याच शाळेची गोष्ट सांगणार आहे. पुढे लष्करी विद्यालये निघाली, तेव्हा या रानातल्या शाळेचे काय झाले, ती कशी बदलत गेली, याची ही हकीकत आहे.

आपल्याकडे लष्कराचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखेच पावसावर चाले. शिवछत्रपतींच्या लष्कराचा रिवाज सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवला आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे. त्यांच्यासाठी दाणा, वैरण, औषधे आणि राहायला छपरे आधीच तयार ठेवावीत. दसरा झाला की कूच करावे आणि आठ महिने परमुलखात राहावे. लष्करात बायका, बटक्या, कलावंतिणी नसाव्यात, अशीही सक्त ताकीद होती. हे एवढे लक्षात ठेवा, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

आता आपण जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथे हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे १८०२ साली लष्करी विद्यालय स्थापन झाले. १८१७ ते १८३३ या काळात सिल्व्हेनस थेयर हे तिथले प्रमुख होते. गणित आणि शिस्त या दोन खांबांवर त्यांनी विद्यालय उभे केले. उन्हाळा आला की छात्रांनी वर्ग आणि खोल्या सोडायच्या, विद्यालयाच्या मैदानावर तंबू ठोकायचे आणि तिथेच राहायचे, अशी वहिवाट पडली. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला वैशाख नव्हे, बरं का! जून ते ऑगस्ट हे तिथले सुखाचे दिवस. त्या काळी चार वर्षांत छात्राला घरी जाण्याची मोठी रजा मिळे ती एकदाच, दोन वर्षे पुरी झाल्यावर. बाकीचे उन्हाळे तंबूत.

आरंभी ही छावणी उपयोगाची होती. पण कोणतीही चांगली वहिवाट जुनी झाली की तिच्यातला जीव जाऊन नुसता सोहळा उरतो. इथेही तेच झाले. सकाळी कवायत, दुपारी पहारा, आणि संध्याकाळी पाहुण्यांची गर्दी, बँड, नाच. तंबू होते, पण रण नव्हते. मैदान तेच, रोजच्या ओळखीचे. वाट चुकण्याची सोय नाही, उपाशी राहण्याची वेळ नाही. सभासदाने सांगितलेला रिवाज आणि हा थाट शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मघाशी लक्षात ठेवा असे का म्हटले, ते कळेल.

१९१४ ते १९१८ चे महायुद्ध झाले आणि डोळे उघडले. १९१९ साली डग्लस मॅकार्थर हे वेस्ट पॉइंटचे प्रमुख झाले. ते फ्रान्सच्या रणभूमीवरून आले होते. खंदक, चिखल, तोफांचा मारा आणि साधा शिपाई, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. उद्या ज्याला शेतावरून, कारखान्यातून आलेल्या शेकडो माणसांना हुकूम द्यायचा आहे, त्याला ती माणसे ठाऊक नकोत का? त्यांनी मैदानावरची छावणी मोडली आणि छात्रांना न्यू जर्सीतील कँप डिक्स या खऱ्या लष्करी तळावर पाठवले. तिथे नेहमीच्या फौजेतले सार्जंट त्यांना शिकवू लागले.

जुन्या मंडळींना हे रुचले नाही. आमच्या वेळी असे नव्हते, हे वाक्य सगळ्या मुलखांत सारखेच बोलले जाते! १९२२ साली मॅकार्थर तिथून गेले आणि त्यांच्या मागून आलेल्या अधिकाऱ्यांनी मैदानावरची छावणी पुन्हा सुरू केली. सुधारणा करणारा माणूस हलला की सुधारणा कशी मागे पडते, हे शिक्षकबंधूंना मी वेगळे सांगायला नको. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा मात्र ती छावणी कायमची उठली. विद्यालयाजवळच्या डोंगराळ रानात, पोपोलोपेन तळ्याच्या परिसरात, छात्रांचे उन्हाळी रणशिक्षण होऊ लागले. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत पडलेल्या जनरल बकनर यांचे नाव त्या तळाला दिले गेले. एका माणसाने पंचवीस वर्षे आधी सांगितलेले खरे ठरले, पण त्यासाठी दुसरे महायुद्ध व्हावे लागले.

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्रजी अमलात हिंदी तरुणांना राजाची सनद मिळवायची तर विलायतेस सँडहर्स्टला जावे लागे. १९१८ पासून त्यांच्यासाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. एवढ्या मोठ्या देशाला दहा! १९३२ साली डेहराडूनला भारतीय लष्करी प्रबोधिनी निघाली, ती चाळीस छात्रांनिशी. स्वातंत्र्यानंतर भूदल, नौदल आणि विमानदल यांच्या छात्रांनी प्रथम एकत्र शिकावे, असे ठरले. १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला हे काम सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली आणि १९५४ च्या डिसेंबरात छात्र तिथे आले. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत हिंदी सैनिकांनी केलेल्या कामगिरीची आठवण म्हणून सुदानकडून आलेली देणगी या कामी लागली. मुख्य इमारतीला म्हणूनच सुदान ब्लॉक हे नाव आहे.

जागा कशी आहे पाहा. समोर तळे, मागे सिंहगड, आणि आसपास राजगड-तोरण्याचा मुलूख. तिथल्या छात्रांची रानातली शिबिरे ठरलेली असतात. नवख्यांचे शिबिर ग्रीनहॉर्न, मधल्या टप्प्यातल्यांचे रोव्हर, आणि तिसऱ्या वर्षाच्या छात्रांचे तोरणा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्री वाट काढणे, पाठीवर ओझे घेऊन चालणे, मोर्चा खणणे, थकलेल्या सोबत्याला हात देणे, हे तिथे शिकायचे. पहिली दोन नावे इंग्रजी, पण शेवटी मुलगा पोचतो तो तोरण्यापाशीच!

१९६२ साली चीनने आक्रमण केले आणि या शिक्षणाची कसोटी लागली. अधिकारी थोडे, वेळ त्याहून थोडा. १९६३ च्या जानेवारीत पुणे आणि मद्रास येथे अधिकारी शिक्षणाच्या नव्या शाळा उघडाव्या लागल्या. संकटकालीन नेमणुकीचे अधिकारी काही महिन्यांत तयार करून पाठवावे लागले. वेळ कमी असला की काय कापायचे, वर्ग की रान, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत परीक्षेत नव्हे, माणसांच्या जिवात मोजली जाते. म्हणूनच छावणीतले बदल ही केवळ वेळापत्रकाची बाब नाही.

आणखी एक बदल अलीकडचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशामुळे प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी तिच्यातल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. चढ तोच, रात्र तीच. वेस्ट पॉइंटला मुलींचा प्रवेश १९७६ साली झाला होता.

मराठवाड्यातल्या मुलांना वाटेल, हे सारे पुण्याकडचे, आपल्याला काय त्याचे? पण महाराष्ट्र शासनाने मुलांची पूर्वतयारी करून घेणारी संस्था १९७७ साली औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ साली निघाली. शिवाय खेड्यातल्या मुलाजवळ एक भांडवल आधीच असते. पहाटे अंधारात रानात जाणे, उन्हात चालणे, नदीला पाणी किती आणि उतार कुठे हे नजरेने ओळखणे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. शहरातल्या मुलाला याचसाठी शिबिरात घाम गाळावा लागतो. उणीव असते ती गणिताची, इंग्रजीची आणि भीड चेपण्याची. ती भरून काढणे शिक्षकांच्या हाती आहे.

तेव्हा गुरुजी, एखादे दिवशी आपला वर्ग राक्षसभुवनच्या घाटावर न्या. हातात नकाशा द्या. फौज कुठे थांबली असेल, पाणी कुठवर चढले असेल, मदत का पोचली नाही, हे मुलांनाच शोधू द्या. एका नदीने एका दिवसात शिकवलेला तो धडा मुलांना भिंतीवरच्या नकाशापेक्षा लवकर समजेल.