“समजलं का?” न विचारणाऱ्या बाई



गेल्या वर्षी माझ्या भाचीला मुलगा झाला. बाळाला शौचाची जागाच नव्हती. साधारण ५००० बाळांत एखाद्याला असं असतं. दुसऱ्याच दिवशी सर्जननी आतड्याचं तोंड पोटावर आणून वाट काढली. तिला स्टोमा म्हणतात. पुढच्या शस्त्रक्रिया होईपर्यंत, म्हणजे काही महिने, त्यावर पिशवी लावायची, आणि तीही घरच्यांनी! भाची नुसती रडायची. हात लावायचीच भीती.

मास्तरकीची खोड, मी इतिहास शोधायला बसलो. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्त इथे द्यूरे नावाच्या सर्जनने अशाच तीन दिवसांच्या बाळावर ही शस्त्रक्रिया केली. ते बाळ पुढे ४५ वर्षं जगलं. द्यूरेचं नाव पुस्तकांत राहिलं. पण शस्त्रक्रिया एकदाच झाली, पुसणं-धुणं रोजचं. चिकटणाऱ्या पिशव्या नव्हत्या त्या काळात ते करणारे हात मात्र इतिहासात दिसत नाहीत.

पुढची पावलंही घरातूनच पडली. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या परिचारिका एलिसे सोरेनसेन यांना चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली, कारण त्यांच्या सख्ख्या बहिणीला, थोराला, स्टोमा होता आणि ती गळतीच्या धास्तीने घराबाहेर पडेना. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल तर परिचारिकाही नव्हत्या. १९५४ मध्ये त्यांचीच अशी शस्त्रक्रिया झाली. १९५८ मध्ये त्यांचे सर्जन डॉ. टर्नबुल यांनी त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुग्णांना शिकवायला बोलावलं, आणि १९६१ मध्ये तिथे या कामाची शाळाच सुरू झाली.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर त्याच परंपरेतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी करून दाखवलं. स्टोमा लाल आणि ओलसर असतो, हात लावला तरी दुखत नाही. काळपट दिसला तर लगेच दवाखाना. कोमट पाण्याने पुसायचं, कातडी पूर्ण कोरडी करायची, पिशवीचं भोक स्टोम्याहून किंचितच मोठं कापायचं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. दुसऱ्या दिवशी हात मागे बांधून म्हणाल्या, “आता तुम्ही लावा, मी बघते.” भाचीची पिशवी गळली. सिस्टर रागावल्या नाहीत, दुसरी पिशवी हातात दिली. मग जावयांची पाळी, मग आमच्या ताईची. “आई एकटी पडता कामा नये,” एवढंच म्हणाल्या.

मी आयुष्यभर वर्गाला “समजलं का?” विचारलं आणि “हो सर!” ऐकून पुढे गेलो. या बाईंनी एकदाही विचारलं नाही. करायला लावलं.

बारशाच्या दिवशी ऐन पंगतीत पिशवी सुटली. भाची उठणार तोच जावईबापू बाळाला घेऊन आत गेले आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आले. भाची शांतपणे जेवत होती.

असो. आता स्टोमा बंद झालाय, बाळ घरभर रांगतंय. तुमच्या घरी कुणावर अशी वेळ आलीच, तर शिकायला एकट्या आईला पाठवू नका. सगळे जा.