यंत्राचें अक्षरवाचन

छापील पानाचें छायाचित्र आपण पाहतों तेव्हां आपणांस त्यांत शब्द दिसतात. यंत्राला तेथें केवळ काळेपांढरे ठिपके दिसतात. ज्या पानांचीं नुसतीं चित्रें संग्रहीं आहेत त्यांत एखादें नांव शोधावयाचें म्हटलें, तर पान अन् पान डोळ्यांखालून घालावें लागतें. आणि एखादी ओळ नव्या ग्रंथांत घ्यावयाची, तर ती हातानेंच उतरून काढावी लागते. अशा चित्रांतून शोधतां येईल, सुधारतां येईल असा मजकूर मिळविण्याची विद्या गेल्या शंभर वर्षांत उदयास आली. यंत्र वाचावयास कसें शिकलें, आणि त्याच्या वाचनावर कितपत विश्वास ठेवावा, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

अगदीं आरंभींचा एक प्रयत्न अंधांसाठीं झाला. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें फूर्निये दाल्ब या शास्त्रज्ञानें १९१४ च्या सुमारास ‘ऑप्टोफोन’ नांवाचें यंत्र सिद्ध केलें. सेलेनियम या मूलद्रव्याची वीज वाहून नेण्याची शक्ति प्रकाशानुसार कमीअधिक होते. या गुणाच्या आधारें छापील ओळीवरून सरकणारें हें यंत्र प्रत्येक अक्षराच्या आकाराप्रमाणें निरनिराळे सूर काढी. मेरी जेमसन या अंध बाईंनीं ते सूर ओळखून पुस्तकें वाचण्याचा अभ्यास केला. पण येथें वाचीत कोण होतें? यंत्र केवळ प्रकाशाचा नाद करीत होतें. नादावरून अक्षर आणि अक्षरांवरून अर्थ काढण्याचें काम त्या बाईंच्या बुद्धीचें होतें.

अक्षर ओळखण्याचें कामहि यंत्राकडेच सोंपवावें, या कल्पनेचें पेटंट ऑस्ट्रियाच्या गुस्ताव्ह टाउशेक यानें १९२९ सालीं जर्मनींत घेतलें. तिचें तत्त्व सोपें होतें. प्रत्येक अक्षराच्या आकाराचा एकेक छेद कापून ठेवावयाचा आणि छापील अक्षराची प्रकाशप्रतिमा त्यावर पाडावयाची. काळें अक्षर ज्या छेदाशीं तंतोतंत जुळेल, तेथून प्रकाश पलीकडे जाणार नाहीं. तेंच तें अक्षर, असें यंत्र ठरवील. परंतु खिळे बदलले, अक्षर तिरपें पडलें, शाई पसरली, कीं हा साचा निरुपयोगी. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कचेऱ्यांत वाचनयंत्रें कामाला लागलीं, तीं मुख्यतः ठराविक वळणाचीं टंकाक्षरें वाचणारीं होतीं. निरनिराळ्या वळणांचे खिळे ओळखून मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र रे कर्झवाईल यांनीं १९७६ सालीं जगापुढें ठेविलें, तेंहि अंधांसाठींच.

आपल्या देवनागरीचा प्रश्न मात्र निराळा होता. रोमन छपाईंत दोन अक्षरांमध्यें कोरी फट असते. तीवरून यंत्र अक्षरें सुटीं करतें. देवनागरींत शिरोरेषा सबंध शब्दाला एकत्र बांधते. या लिपीच्या यंत्रवाचनावर सिन्हा आणि महाबल यांनीं १९७९ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें १९९७ च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत चौधुरी आणि पाल यांनीं बंगाली व देवनागरी वाचणारी पद्धति मांडली. या कामांतील एक युक्ति मोठी सुरेख आहे. ओळीच्या ज्या आडव्या रांगेंत सर्वांत अधिक काळे ठिपके भरतील, ती शिरोरेषा समजावयाची. ती पुसून टाकली कीं अक्षरें बहुतेक आपोआप सुटतात. मग वरच्या पट्टींतील मात्रा व अनुस्वार आणि खालच्या पट्टींतील उकार निराळे ओळखून पुन्हां जुळवावयाचे.

तरीहि खांचखळगे उरतातच. जुन्या छपाईंतील ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ यांच्या जोडीसारखा दिसे. त्यामुळें ‘रवाना’ झालेला मनुष्य ‘खाना’ होऊन बसे. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांतील भेद खिळा झिजला कीं नाहींसा होतो. कागदावरील डाग अनुस्वार ठरतो आणि खरा अनुस्वार डाग समजून टाकला जातो. जुन्या लेखनांत ‘ती’ म्हणजे एक मुलगी आणि ‘तीं’ म्हणजे अनेक मुलें. एका टिंबाची ही किंमत!

अलीकडील संगणकांची रीत वेगळी आहे. अक्षरें सुटीं न करितां ते सबंध ओळ पाहतात, आणि असंख्य नमुन्यांच्या सरावानें कोणतें अक्षर संभवतें याचा अंदाज बांधतात. यानें चुका पुष्कळच कमी झाल्या; पण उरलेल्या चुकांचें स्वरूप बदललें. जुनें यंत्र चुकलें कीं निरर्थक अक्षरांची रास पडे, आणि चूक तत्काळ डोळ्यांत भरे. नवें यंत्र चुकतें तेव्हां पुष्कळदां शुद्ध आणि अर्थपूर्ण शब्दच लिहितें. मात्र तो शब्द मूळ पानावर नसतो.

आपल्या इतिहासाच्या दृष्टीनें हा धोका लहान नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले. तरीहि पुण्याच्या दफ्तरांत न वाचलेले मोडी कागद अपार आहेत. मोडींत आधीं आडवी रेघ ओढीत, आणि मग शक्य तों लेखणी न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लिहीत. शब्दांमध्यें अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. २०१४ सालीं युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत मोडीला स्थान मिळालें, आणि ती वाचणारीं यंत्रें घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचें स्वागतच केलें पाहिजे. पण एक उदाहरण पाहा. या कागदांत सुहूर सनाचे आंकडे अरबी शब्दांत असतात. ‘सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३०, अर्थात् इसवी सन १७२९-३०. हा पहिल्या बाजीरावाचा काळ. यांतील पहिल्या शब्दाचा शेवट पुसट होऊन ‘सलास’ एवढेंच वाचलें गेलें, तर ११०३ होतात, म्हणजे १७०२-०३. आणि पत्र ताराबाईंच्या अमदानींत जाऊन पडतें. सत्तावीस वर्षांचें अंतर पडलें, तरी दोन्ही वाचनें दिसावयास सारखींच निर्दोष!

छापखान्यांतील मुद्रितशोधक प्रत्येक मुद्रित मूळ प्रतीशीं ताडून पाहत. तीच शिस्त येथें हवी. मजकुराशेजारीं मूळ चित्र ठेवावें. नांवें, स्थळें, सन आणि रकमा मनुष्यानें तपासल्याशिवाय ग्राह्य धरूं नयेत. अक्षर लागत नसेल तेथें अंदाजाचा शब्द न घालतां जागा कोरी सोडावी. अनेक घरांतून वाडवडिलांचीं पत्रें, खतें, रोजनिशा आहेत. त्यांचा यंत्रानें मजकूर करून घेतला कीं जुने कागद काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. पुढील पिढीचीं यंत्रें आजच्यापेक्षां अधिक चांगलें वाचतील. परंतु त्यांना वाचावयास मूळ कागद शिल्लक राहिला पाहिजे.